ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल घरी बदलता येते का? (नागपूर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑटोमॅटिक सेडान सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास चालली, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात ऑइल लाइफटाइम आहे हातच लावू नका, बाहेरचा मेकॅनिक म्हणतो मशीनने फ्लश मारा म्हणजे सगळं जुनं ऑइल एकदाच ढकलून बाहेर काढा, आणि तुम्हाला आता मे महिन्यातच घरी करून पाहायचं आहे. करता येते भाऊ. मी माझ्या गाडीचं स्वतःच करतो. लोकांना वाटते काम म्हणजे जुनं काढा आणि नवं भरा, तेवढं तर कोणीही करेल, खरं काम लेव्हल बरोबर लावायचं आहे आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात गडबड तिथेच होते.

आधी लाइफटाइमचं पाहू. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते, आणि तीच सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा फार तर ८ वर्षं, यात ऑइल बदला. आता बर्डीच्या बाजारात संध्याकाळी डी मध्ये रांगत जाता तेव्हा काय होते, टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग, त्याचा लॉकअप क्लच, जो दोघांना सरळ जोडतो, तो लागलेला नसतो, इंजिनची ताकद नुसती ऑइल घुसळून पुढे जाते, आणि त्या घुसळण्याची सगळी गरमी ऑइलच खाते. तीच गाडी समृद्धी महामार्गावर शंभरने चालली तर लॉकअप लागलेला असतो, गिअरबॉक्स निवांत. म्हणून शहरातले सत्तर हजार आणि हायवेचे सत्तर हजार एकच नाहीत. माझ्या मते तुमची वेळ झाली आहे.

पण खाली शिरायच्या आधी तुमचा गिअरबॉक्स कोणता ते पाहून घ्या, कारण दोन पेडल असले की सगळेच ऑटोमॅटिक म्हणून राहिले. एएमटी असेल तर तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर यंत्र बसवलेलं, त्यात गिअर ऑइल जाते, पुढे सांगतो ते बहुतेक सगळं तुम्हाला लागू नाही. डीसीटी म्हणजे दोन क्लचवाला असेल तर घरी नका करू, मी पण करणार नाही. सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावाला, आणि टॉर्क कन्व्हर्टरवाला नेहमीचा ऑटोमॅटिक, हे घरी होतात, पण दोघांचं ऑइल वेगळं. सीव्हीटीत स्टीलचा पट्टा दोन पुलींच्या मध्ये घर्षणावर चालतो, त्याचं ऑइल पट्ट्याची पकड टिकेल असंच बनवलेलं असते, त्यात साधं एटीएफ म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल टाकलं की पट्टा घसरतो आणि मग खर्च विचारू नका. मॅन्युअलमध्ये जे नाव दिलं आहे, डब्ल्यूएस, एसपी-४, एचसीएफ-२ जे असेल ते, तेच आणा. दुकानदार म्हणेल हे सगळ्यात चालते, तर डब्यामागे तुमचं स्पेसिफिकेशन छापलेलं दाखव म्हणा, नसेल तर कंपनीच्याच काउंटरवरून सीलबंद घ्या.

आता फ्लश. मी करत नाही. मशीन गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कुलरच्या पाइपला लागते, त्यात आधी कोणत्या गाडीचं कोणतं ऑइल फिरलं काय माहीत, आणि इतक्या वर्षांचा बसलेला गाळ एकदम हलला तर तो व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्यांत जाऊन बसू शकतो. त्यापेक्षा ड्रेन करून भरा, म्हणजे खालचा बोल्ट काढून जेवढं पडते तेवढं पडू द्या आणि तेवढंच नवं भरा. यात एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, बोल्ट काढल्यावर सगळं ऑइल येत नाही, अर्धंअधिक टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. माठातलं अर्धं जुनं पाणी तसंच ठेवून वरून नवं ओतावं तसं. एका वेळी ४० टक्के बदललं धरा, तर दुसऱ्यांदा केल्यावर ६४ टक्के नवं होते, तिसऱ्यांदा ७८. म्हणून दोन-तीन वेळा करायचं, मध्ये हजारेक किलोमीटर चालवून. एकाच सकाळी सगळं संपवायची घाई नको.

गाडी चारही बाजूंनी सपाट उभी पाहिजे, नुसतं तोंड वर केलं तर लेव्हल खोटी येते. चार जॅक स्टँड नसतील तर ओळखीच्या वॉशिंग सेंटरवाल्याला सकाळी धंदा सुरू व्हायच्या आधी रॅम्प मागा, मी तेच करतो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही म्हणजे नाही.

पहिले भरायचा बोल्ट ढिला करा, मग खालचा. उलटं केलं आणि वरचा जाम निघाला तर ऑइल जमिनीवर आणि गाडी जागेवरच. होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकचा ड्रेन बोल्ट मजेदार असतो, डोकंच नाही, चौकोनी भोक, त्यात तीन-अष्टमांश इंची रॅचेट सरळ बसतो, आणि हाच बोल्ट इंजिनचा समजून गिअरबॉक्स रिकामा करणारे महाभाग आहेत, तेव्हा खाली शिरल्यावर आधी कोणता कोणाचा ते नीट पाहा. बोल्ट निघाला की त्याचं चुंबक बोटाने पुसून पाहा. काळी-राखाडी मऊ पेस्ट असेल तर ठीक, ती तर येणारच. बोटाला टोचणारे कण किंवा चमकते तुकडे दिसले तर आत काहीतरी तुटून राहिलं आहे. ऑइल तपकिरी असलं तर हरकत नाही, पण गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधून कुलंट आत येऊन राहिलं आहे, तिथेच थांबा आणि गाडी टो करून न्या. काळं आणि जळकट वास, वर गिअर पण घसरून राहिला, तर क्लच आधीच गेले आहेत, नव्या ऑइलने ते परत येत नाहीत.

निघालेलं ऑइल मोजा. एक लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून पाहा, सव्वातीन निघालं तर आधी सव्वातीनच भरा. वायसर नवा टाका, बोल्ट पहिले हाताने फिरवा, केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले की रडायची वेळ येते. शेवटचं घट्ट करणं मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

आता लेव्हल. डिपस्टिक असेल तर गाडी वीसेक मिनिटं फिरवून आणा, ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असा लिव्हर प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, परत पी मध्ये आणून इंजिन चालू ठेवूनच हॉटची खूण पाहा. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत उलटं आहे, इंजिन बंद करून दीडेक मिनिटाच्या आत पाहायचं. काही गाड्यांत एन मध्ये. मॅन्युअल सांगते तेच खरं.

डिपस्टिक नसेल तर खाली चेक प्लग असतो, आत छोटी नळी उभी. इंजिन चालू, ऑइल ठरलेल्या तापमानाला, प्लग काढला की जास्तीचं वाहून जाते, धार पातळ होऊन थेंब-थेंब झालं की बंद. आणि ते तापमान बऱ्याच गाड्यांत ४० डिग्रीच्या आसपास असते. आता सांगा, मे महिन्यात दुपारी सावलीतच ४५ असताना ते ऑइल ४० ला येणार कुठून? गरम ऑइल फुगते, ८० डिग्रीला प्लग उघडला तर सात लिटरमागे अंदाजे २०० मिली जास्तीचं वाहून जाते, थंड झाल्यावर तेवढं कमी, मग पंप हवा ओढतो आणि डी टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करत बसते. जास्त भरलं तरी सुख नाही, फेस होतो. म्हणून रात्रभर उभी गाडी, पहाटे साडेपाच, तेव्हा ऑइल तीसेक डिग्रीला असते, इंजिन चालू केलं की काही मिनिटांत चाळिशीत येते. तेवढ्या वेळात प्लग काढायचा. तापमान ओबीडी डोंगलवर, म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर गाडीचा डेटा दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर दिसते, पण तुमच्या मॉडेलचा गिअरबॉक्स डेटा वाचणारं अॅप पाहिजे, नाहीतर तो इंजिनच्या कुलंटचं तापमान दाखवतो आणि आपण खुश. थंड देशातले व्हिडिओवाले ड्रेन करायच्या आधी गाडी फिरवून ऑइल गरम करा म्हणतात, ते त्यांचं त्यांच्याजवळ, आपल्याकडे मे मध्ये पहाटेचं ऑइल पण पाण्यासारखं पडते.

जुनं ऑइल नालीत नका ओतू बाप्पा, नाग नदीचं आधीच जे व्हायचं ते झालं आहे. डबा झाकण लावून गॅरेजवाल्याकडे द्या, त्याच्याकडे ड्रम असतो आणि तो उचलून नेणारा येतो. दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, थेंब दिसला तर बोल्ट पाहा. दुसरा राउंड पाऊस लागायच्या आधी जमला तर ठीक, नाहीतर सरळ दिवाळीनंतर, चिखलात गाडीखाली लोळायला कोण जाते.