यादीतील प्रत्येक ओळीला वेगळा रंग कसा द्यावा?

प्रश्न : आमच्या गावातील वाचनालयासाठी मी सी शार्प ही भाषा आणि विंडोज फॉर्म्स ही पडद्यावरील खिडक्या बनवण्याची सोय वापरून पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम लिहीत आहे. मुदत उलटलेली पुस्तके लाल आणि आज परत यायची पुस्तके नारिंगी दिसावीत, अशी अपेक्षा आहे. लिस्टबॉक्सचा (यादीच्या चौकटीचा) फोरकलर, म्हणजे अक्षरांचा रंग, बदलला तर संपूर्ण यादीच रंगते, म्हणून ड्रॉमोड (ओळी कोणी रेखाटायच्या ते ठरवणारी सेटिंग) बदलून ड्रॉआयटम हा ओळ काढताना चालणारा इव्हेंट लिहिला आणि प्रत्येक ओळ यादीत घालण्यापूर्वी तिचा रंग एका व्हेरिएबलमध्ये ठेवला. तरीही सगळ्या ओळी शेवटच्या ओळीच्या रंगात दिसतात, निवडलेली ओळ वाचता येत नाही आणि वेलांट्या व उकार कापले जातात. चूक कोठे आहे?

उत्तर : आपली मुख्य चूक त्या व्हेरिएबलमध्ये आहे. आपण ॲड (यादीत ओळ घालण्याची सूचना) म्हणता त्या क्षणी ओळ रंगवली जात नाही. पडद्याचा तो भाग पुन्हा काढायला हवा, एवढीच नोंद विंडोज त्या वेळी करते आणि हातातील इतर संदेश संपल्यावर रेखाटनाकडे वळते. तोपर्यंत आपले लूप पूर्ण झालेले असते आणि व्हेरिएबलमध्ये शेवटचा रंग उरलेला असतो. शिवाय यादी सरकवली, दुसरी खिडकी वर येऊन बाजूला झाली किंवा निवड बदलली, की त्याच ओळी पुन्हा पुन्हा काढल्या जातात. म्हणून रंग ओळीच्या माहितीतूनच ठरला पाहिजे. पुस्तकाचे नाव आणि परतीची तारीख धरणारा एक क्लास करावा, त्याचे ऑब्जेक्ट यादीत घालावेत आणि ड्रॉआयटममध्ये ई.इंडेक्स (ओळीचा क्रमांक; ‘ई’ म्हणजे इव्हेंटसोबत येणारी माहिती) वापरून ते ऑब्जेक्ट मिळवून तारखेवरून रंग काढावा. या क्लासमध्ये टूस्ट्रिंग ही ऑब्जेक्टचा मजकूर देणारी मेथड ओव्हरराइड करायला, म्हणजे स्वतःची लिहायला, विसरू नये, कारण दृष्टिहीन वाचकांसाठीचे स्क्रीन रीडर आपण काढलेली अक्षरे पाहत नाहीत, ते यादीत साठवलेला मजकूर वाचतात.

निवडलेल्या ओळीचा घोटाळा पार्श्वभूमीमुळे होतो. ई.ड्रॉबॅकग्राउंड ही मेथड निवडलेल्या ओळीमागे विंडोजचा ठळक रंग भरते आणि त्यावर लाल अक्षरे बुडून जातात. ई.स्टेटमध्ये (ओळीच्या स्थितीत) सिलेक्टेड हा ध्वज, म्हणजे खूण, असेल तेव्हा अक्षरांसाठी ई.फोरकलर घ्यावा, कारण निवडलेल्या ओळीसाठी तो आपोआप पार्श्वभूमीला साजेसा मिळतो. मात्र मग ते पुस्तक मुदत उलटलेले आहे की नाही, हे निवडताच कळेनासे होईल. माझी शिफारस अशी, की अक्षरे रंगवूच नयेत. ओळीच्या डाव्या कडेला पाचसहा पिक्सेल रुंदीची रंगीत पट्टी काढावी आणि नावापुढे ‘मुदत संपली’ असे शब्दांत लिहावे. लाल आणि हिरव्यातील भेद न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्याला वाटतात त्याहून बरेच जास्त असतात आणि वाचनालयाच्या खिडकीपाशी बसणारी व्यक्ती त्यांपैकी एक असू शकते.

उकार कापले जाण्याचे कारण आयटमहाइट, म्हणजे ओळीची उंची, हे आहे. ओनरड्रॉफिक्स्ड या ड्रॉमोडमध्ये ही उंची सर्व ओळींना एकच असते आणि मूळची उंची बारीक रोमन अक्षरांच्या बेताने ठरलेली असते. देवनागरीत मात्रा, रफार आणि अनुस्वार वर जातात, तर उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली उतरतात, त्यामुळे निर्मला यूआयसारख्या फाँटसाठी फाँट.हाइटमध्ये चार पिक्सेल मिळवून आयटमहाइट ठेवणे बरे. मजकूर टेक्स्टरेंडररच्या ड्रॉटेक्स्टने ई.बाउंड्सच्या, म्हणजे त्या ओळीच्या, चौकटीत काढावा आणि सोबत नोप्रीफिक्स हा ध्वज द्यावा; नाही तर पुस्तकाच्या नावातील ‘&’ हे चिन्ह गायब होऊन त्यापुढील अक्षराखाली रेघ येते.

एक मात्र मनापासून सांगतो : ओळीचा केवळ रंगच बदलायचा असेल, तर हा सगळा खटाटोप करू नये. लिस्टव्ह्यू हे कंट्रोल घ्यावे. त्यातील प्रत्येक आयटमला स्वतःचा फोरकलर आणि बॅककलर असतो, स्तंभही मिळतात. पट्टी किंवा चित्र हवे असेल तरच स्वतः रेखाटायला बसावे.

प्रश्न : हेच तंत्र मी काँबोबॉक्ससाठी (खाली उघडणाऱ्या यादीसाठी) वापरले. खिडकी उघडताच प्रोग्राम चूक दाखवून बंद पडतो. असे का होते?

उत्तर : काहीही निवडलेले नसताना काँबोबॉक्स आपली वरची चौकट रंगवण्यासाठीसुद्धा ड्रॉआयटम बोलावतो आणि तेव्हा ई.इंडेक्स -1 असतो. त्या क्रमांकाची ओळ यादीत नाही, म्हणून चूक येते. सुरुवातीला ई.ड्रॉबॅकग्राउंड करावे आणि इंडेक्स शून्याहून कमी असल्यास तेथूनच परत फिरावे. वरच्या चौकटीत रंगीत पट्टी नको असेल, तर ई.स्टेटमधील काँबोबॉक्सएडिट या ध्वजावरून ती चौकट वेगळी ओळखता येते.