एका आईचा प्रश्न: माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे, तर शाळा व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून कसं जायचं?

तुमची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे, तेवढं पुरेसं आहे. समिती निवडायची पालकसभा कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारा, त्या दिवशी हजर राहा आणि स्वतःचं नाव सुचवा. शिक्षण किंवा ओळखीची अट नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला लागतात, म्हणून तुम्ही बिनधास्त उभ्या राहा. अध्यक्षही पालकांतूनच निवडतात; मुख्याध्यापक सचिव असतात. हे मी स्वतः समितीवर काम करून सांगते. पहिल्या बैठकीत माझ्यासमोर सहीसाठी इतिवृत्ताची वही आली, तीही कोरी! मजकूर लिहून झाल्याशिवाय सही करू नका. अनुदान कशावर खर्च झालं आणि पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक आहे, हे विचारणं तुमचं कामच आहे. मात्र शाळा खासगी विनाअनुदानित असेल तर हे कलम लागू होत नाही. खासगी अनुदानित शाळेत समिती असते, पण तिथे आणि अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत तिचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं असतं.