आधी हवा, मग विंच

प्रश्न : नवीन फोर बाय फोर घेतलीय. पहिल्या कॅम्पिंग ट्रिपआधी विंच (रुतलेली गाडी वायरने ओढून काढायचं यंत्र) घेऊ, रूफ रॅक घेऊ का जास्तीचे लाइट? सगळं एकदम परवडणार नाही.

उत्तर : तिन्ही राहू द्या. आधी चांगला प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर घ्या, तोही बॅटरीला थेट क्लिप लावून चालणारा, कारण लायटर सॉकेटवरचे छोटे पंप मोठे टायर भरता भरता तापतात नाहीतर फ्यूज उडवतात. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो ती हवा वाळूत १८ च्या आसपास आणली की टायर खाली बसतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो, गाडीचं वजन पसरतं आणि चाक खड्डा खणायचं थांबतं. मी एकदा कोरड्या नदीपात्रात तासभर फावडं मारत होतो, जितकी वाळू काढावी तितकीच परत आत घसरायची, चाकं अर्धी रुतलेली आणि गाडीचं पोट टेकायच्या बेतात, मग शेवटी चारही टायर १६ वर आणले, लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) दुसऱ्या गिअरला हलकासा अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि गाडी निघाली की हो बाहेर! तेव्हापासून वाळू दिसली की आत शिरायच्या आधीच उतरून हवा कमी करतो. फक्त हवा कमी असताना वेग आवरा, झटक्यात वळवू नका, नाहीतर टायर रिमवरून सुटतो, आणि पक्क्या रस्त्याला लागलात की पहिलं काम परत हवा भरायचं, कॉम्प्रेसर त्यासाठीच हवा. रूफ रॅक पुढे कधी घेतलात तरी वर हलकं सामान ठेवा, पाण्याचे कॅन आणि टूलबॉक्स खाली, मागच्या सीटला चिकटून आणि पट्ट्यांनी घट्ट बांधून.

प्रश्न : मित्राची गाडी चिखलात रुतली तर माझ्या गाडीच्या टो बॉलला दोर बांधून ओढू का?

उत्तर : नाही, अजिबात नाही! तो गोळा ट्रेलर सावकाश ओढायला असतो, झटक्याने तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि असे लोक जीवानिशी गेलेत. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसवलेला रिकव्हरी पॉइंट (ओढण्यासाठीचा मजबूत हुक) दोन्ही गाड्यांना आहे ना ते घरी असतानाच वाकून बघा. दोर नायलॉनचा, ताणला जाणारा कायनेटिक घ्या, स्टीलची वायर किंवा साखळी लावून झटका मारू नका. दोराच्या मध्यावर जड ब्लँकेट टाका, आणि ड्रायव्हर सोडून बाकी सगळे लांब, दोराच्या रेषेत तर कोणीच उभं राहायचं नाही. खरं तर आधी चाकांपुढचा चिखल काढून ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत पट्ट्या) सरकवून बघा, बऱ्याचदा ओढायची वेळच येत नाही.

प्रश्न : रात्री फार गारठा असतो, तंबूत शेगडी ठेवली तर?

उत्तर : नको, कृपा करून नको. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनसुद्धा कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गॅसचा स्टोव्हही बाहेरच. बरीच थंडी जमिनीतून येते म्हणून आधी खाली जाड मॅट घाला, मग स्लीपिंग बॅग, आणि झोपताना गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा, झाकण मात्र दोनदा तपासून.