आधी बाकीच्या तारा गप्प बसव

प्रिय दोस्ता,

तुझं इलेक्ट्रिक गिटारचं रेकॉर्डिंग काल रात्री ऐकलं. रिफ, म्हणजे ती पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, ओळखू येतेय, ताल बरा आहे, पण सगळं गढूळ. आणि तुझे प्रश्न काय, तर तारांची कंपनं पकडणारा पिकअप बदलू का, नको तो आवाज अडवणारा नॉइज गेट घेऊ का, की हे सोडून आधी बिनविजेची अकूस्टिक गिटार शिकू? अरे, दुखणं हातांत आहे आणि औषध तू दुकानात शोधतोयस!

गिटार घे. ट्यूनिंग नेहमीचंच, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम, आहे तसं चालू राहू दे. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर पाचवा फ्रेट (गिटारच्या मानेवरचा पाचवा खण) बोटाच्या टोकाने दाब, तार छेड आणि मग उजव्या हाताने फक्त ती सहावी तार थांबव. आवाज बंद झाला? नाही ना. पाचवी तार तू छेडलीच नव्हतीस, तरी ती गातेय. तू वाजवलेला स्वर 110 हर्ट्झचा, मोकळी पाचवी तारही 110 हर्ट्झचीच. एकीच्या कंपनाने दुसरी जागी होते. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायच्या आवाजात हे कळतही नाही. डिस्टॉर्शनमध्ये मात्र मोठा आवाज वरून कापला जातो, बारीक आवाज उचलला जातो आणि दोघं जवळजवळ एका पातळीला येतात. तुझं गढूळपण तिथून येतंय.

म्हणून वाजवायची तार एक, गप्प बसवायच्या पाच. सुरुवातीलाच शिकायचं ते हेच, आणि बहुतेक ठिकाणी ते सगळ्यात शेवटी सांगतात, याचा मला फार राग येतो.

हे करायचं कसं ते बघ. पाचव्या तारेवर पहिल्या बोटाने स्वर दाबलास की त्याच बोटाचं टोक शेजारच्या सहाव्या तारेला नुसतं टेकलेलं हवं. टेकलेलं, दाबलेलं नव्हे. बोटाचा उरलेला भाग पातळ तारांवर सैल, आडवा पडू दे. बोटं कमानीसारखी उभी धरायची, हे तुला कुणीतरी शिकवलंय, ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. इथे ते विसर. पातळ तारांवर गेलास की जाड तारा उजव्या तळव्याच्या कडेने झाकायच्या. आणि स्वर संपवताना बोट झटक्यात उचलू नकोस. आधी दाब सोड, तारेवर बोट क्षणभर राहू दे, मग हल. झटक्यात उचललंस की मोकळी तार बोंबलते. तुझ्या रिफच्या शेवटी दर वेळी तेच होतंय.

आता तुझी खरेदी. हंबकर नावाचा पिकअप दोन उलट्या कॉइल वापरून विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची घरघर मारतो. सुटलेली तार त्याच्यासाठी इतर कुठल्याही स्वरासारखाच स्वर, तो ती इमानदारीने पुढे पाठवणार. नॉइज गेट तू थांबलास की बंद होतो, वाजवायला लागलास की उघडतो आणि सगळा कचरा आत घेतो. अकूस्टिक आधी हवी हा समजही सोड. इलेक्ट्रिक आवडते ना, मग इलेक्ट्रिकच शीक. 9 ते 42 हजारांश इंचाच्या तारा लाव, दाबायला हलक्या असतात. पण चुगली प्रत्येक चुकीची करतात. वाजवायची एक, गप्प बसवायच्या पाच.

बोटं आखूड आहेत, असंही लिहिलंस. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या तारा दाबणाऱ्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं 1965 मध्ये कारखान्यातल्या मशिनमध्ये गेली. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. आखूड बोटांचं पुन्हा लिहू नकोस.

मी लोकांना एकाच रिफवर अडकवून ठेवतो, हे तुझ्या कानावर आलं असेल. खरं आहे. काही चांगली पोरं त्यापायी सोडून गेली. एकाचा कान फार सुरेख होता. त्याने गिटारच विकून टाकली, आणि ते मला अजून लागतं. पण अस्वच्छ वाजणारं पुढे सोडणं मला आजही जमणार नाही. घरात दडलेला गोंधळ स्टेजवर अँप मोठा केला की सगळ्यांसमोर येतो, ड्रमरच्या थापेमागची जागा भरून टाकतो, आणि रिफचा ठोसाच निघून जातो. त्या मोकळ्या जागेमुळे तर रिफ जड वाटतो! कुणी मला हटवादी म्हणो. स्वच्छ वाजवणाऱ्याला वेग पुढे मिळवता येतो. वेगात बसलेली घाण काढताना माणसं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा पैसे खिशात ठेव. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लाव, रिफचे पहिले चारच स्वर घे आणि गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, आहे तेवढाच ठेव. तो कमी करून चूक लपवायची नाही. प्रत्येक स्वरानंतर थांबून ऐक, काय उरलंय. उरलेली तार कोणती ते शोध आणि कुठल्या बोटाने ती झाकता येईल ते ठरव. कंटाळा येईल, येऊ दे. बेंडबद्दल, म्हणजे तार बाजूला ढकलून स्वर चढवण्याबद्दल विचारलंयस, त्याचं नंतर लिहीन. त्यात तर ढकललेलं बोट शेजारच्या तारेखाली शिरतं आणि परत येताना तिला छेडून जातं.

पुढचं रेकॉर्डिंग 60 च्या गतीचंच पाठव. वेगातलं पाठवलंस तर मी ऐकणार नाही.

तुझा,
दादा