घरातल्या कॅसेट आणि सीडींपासून स्वतःचा डिजिटल गाण्यांचा संग्रह कसा करावा?

वडिलांच्या ऐंशीएक कॅसेट, वीस-पंचवीस सीडी, आणि बाकी सगळं मोबाइलच्या ॲपवर. आता ते एका जागी, स्वतःचं म्हणून हवंय, पण कुठून सुरुवात करू आणि कशात साठवू, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीचा. हा माझा धंदा नाही, पण पंधरा-सोळा वर्षं हाच नाद आहे आणि त्यात करण्यासारख्या बहुतेक चुका करून झाल्यात.

हार्ड डिस्क कुठली घेऊ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी जमिनीवर चादर अंथरून कॅसेटचे दोन ढीग करा. एक दुकानातून विकत आणलेल्यांचा, दुसरा घरी किंवा कुणाकडून 'भरून घेतलेल्यांचा'. कामाला दुसऱ्या ढिगापासून लागा. पहिल्या ढिगातलं बरंचसं संगीत कुठल्या ना कुठल्या ॲपवर, सीडीवर सापडतं. पण बारशाला आत्याने म्हटलेला पाळणा, गावच्या सप्ताहातलं भजन, कुणाच्या तरी दिवाणखान्यातली बैठक याची जगात ती एकच प्रत असते. घरी बर्न केलेल्या सीडीही याच ढिगात टाका. छापील सीडीपेक्षा त्या लवकर दगा देतात.

कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून फितीकडे बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती तशीच वाजवली तर डेकच्या (कॅसेट प्लेअरच्या) हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. अशा कॅसेट वेगळ्या काढा, सगळ्यात शेवटी हात लावा. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत मोकळी होते. दर चार-पाच कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) वायर काढून लाइन-इन (आवाज आत घेणारं भोक) असलेल्या, कॉम्प्युटरला जोडायच्या यूएसबी साउंड कार्डात घाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, ते बहुधा मोनो असतं आणि आवाज फाटतो. कॅसेट थेट कॉम्प्युटरला जोडणारे स्वस्त वॉकमनसारखे प्लेअर मिळतात. मी एक घेतला होता. त्यावर तानपुरासुद्धा लाटांवर हलल्यासारखा ऐकू यायचा. ओळखीत कुणाकडे जुना चांगला डेक पडून असेल तर तो मागून आणा.

आवाज कॉम्प्युटरवर भरून घ्यायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढी पातळी ठेवा आणि साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटं चालू द्या. इथे घाई चालत नाही, ऐंशी कॅसेट म्हणजे ऐंशी तास. मी दर रविवारी दोन करायचो.

आता माझी सर्वात मोठी चूक. मिरजेला मीरासाहेब दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. माझे काका तिथे रात्र-रात्र बसून भरून आणायचे. २००९ च्या सुमारास मी त्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या आणि उत्साहाच्या भरात 'नको ते' सगळं कापलं. खोकणं, वाद्यं जुळवणं, आणि निवेदन. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे त्या निवेदनातच होतं. आज माझ्याकडे चाळीस मिनिटांचा सुंदर पूरिया राग आहे आणि साथीला कोण होतं ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. तेव्हा आख्ख्या बाजूची न कापलेली फाइल आधी जशीच्या तशी जपून ठेवा. तुकडे करायचे ते तिच्या प्रतीचे. फितीची खरखर काढणारी फिल्टरंही प्रतीवरच वापरून बघा, आणि जपून, कारण खरखरीबरोबर तानपुऱ्याची आसही (मागे रेंगाळणारा नाद) निघून जाते.

सीडीचं काम त्या मानाने पोरखेळ आहे. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्रीएसी हे सॉफ्टवेअर घ्या आणि फ्लॅकमध्ये काढा. फ्लॅक म्हणजे आवाजातला एक कणही न टाकता घडी घातलेली फाइल. सीडीचा मूळ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातो, फ्लॅकमध्ये तो बहुधा निम्म्या-पाऊणपट होतो. ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ मिनिटाला २.४ एमबी. फरक ऐकू येतो का? मला तरी बहुतेक वेळा येत नाही. पण फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही करता येते, एमपी३ मध्ये टाकून दिलेलं परत आणता येत नाही. कुणी १२८ ची फाइल ३२० करून दिली तर ती फक्त लठ्ठ झालेली असते. आणि शास्त्रीय ऐकणाऱ्यासाठी आणखी एक कारण: सीडीवर विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) वेगळे ट्रॅक असतात, पण गाणं अखंड असतं. एमपी३ फाइलच्या टोकांना किंचित कोरी जागा चिकटते आणि काही प्लेअरवर नेमका समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) तोंडावर गचका बसतो. फ्लॅकमध्ये ती कोरी जागा नसते.

नावं देण्याचं काम मात्र खरं डोकं खातं, आणि ते त्याच दिवशी करावं लागतं. 'ट्रॅक ०१' नावाच्या तीनशे फाइली साठल्या की माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. फाइलच्या आत गाणं, कलाकार वगैरे माहिती (टॅग) लिहिणारं एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर, नाव असं असलं तरी फ्लॅकलाही चालतं. कलाकाराचं नाव एकाच पद्धतीने लिहा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेनजी जोशी' हे प्लेअरच्या दृष्टीने तीन वेगळे गवई आहेत. मी सगळ्यांच्या पदव्या काढून टाकल्या, तेवढा अपराध पोटात घालावा. देवनागरीत एक छुपा खड्डा आहे: 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एकसंध किंवा 'अ' वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच, पण शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. गाडीतल्या बऱ्याच जुन्या स्टिरिओंना देवनागरी कळत नाही, चौकोन दिसतात. म्हणून मी फाइलचं नाव रोमनमध्ये आणि आतले टॅग मराठीत ठेवतो. क्रमांक ०१, ०२ असे दोन आकडी द्या, नाहीतर १ नंतर थेट १० वाजतं. दहा गायकांची मिळून एक भावगीतांची कॅसेट असेल तर 'अल्बम आर्टिस्ट'च्या रकान्यात 'विविध कलाकार' लिहा, म्हणजे तिचे दहा तुकडे होत नाहीत. राग, ताल, साथीदार, कुठे आणि कधी हे सगळं शेऱ्याच्या रकान्यात. माहीत नसेल तिथे अंदाज न लिहिता प्रश्नचिन्ह टाका.

साठवण. तुमचं सगळं मिळून फ्लॅकमध्ये ४०-५० जीबी होईल, न कापलेल्या फाइली धरून शंभराच्या आसपास. १ टीबीच्या साध्या डिस्कमध्ये त्याचा कोपरासुद्धा भरत नाही, तेव्हा महागडं काही घेऊ नका, पण दोन घ्या. आणि दोन्ही एका घरात ठेवू नका. माझ्याही दोन होत्या, एकाच कपाटात, एकाच खणात. २००५ च्या पुरात पाणी आमच्या पायरीला लागून परतलं होतं, त्यामुळे तळमजल्यावरचं कपाट मला सुरक्षित वाटायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दोन्ही डिस्क गेल्या आणि काकांच्या कॅसेटही. वाचलं ते पुण्यात बहिणीच्या गाडीतल्या पेन ड्राइव्हवर होतं, प्रवासात वाजवायला म्हणून दिलेलं, १२८ केबीपीएसचं. तो पूरिया आज माझ्याकडे त्याच रूपात आहे. आता एक डिस्क माझ्याकडे, एक बहिणीकडे, दिवाळीला आणि मे महिन्यात अदलाबदल. क्लाउडवर ठेवायला हरकत नाही, पण सिंक (दोन्हीकडच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून पुसलं की तिथलंही पुसलं जातं.

ॲपवर 'डाउनलोड' केलेली गाणी या संग्रहात धरू नका. ती त्या ॲपच्याच कुलपात असतात, वर्गणी संपली की संपली. खरोखर आवडतं ते विकत घ्या. बँडकँप या संकेतस्थळावर फ्लॅक मिळतात, जुन्या सीडी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडलात तर सापडतात. व्हिडिओवरून आवाज ओरबाडून घेण्याच्या भानगडीत मी पडत नाही. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय आवाज आधीच चेपलेला असतो.

आणि हो, वडिलांचा डेक बरेच दिवस बंद असेल तर थेट कॅसेट घालू नका. आतला रबरी पट्टा सैल होतो किंवा वितळून डांबरासारखा चिकटतो, मग डेक फीत खातो. आधी पट्टा बदलून घ्या, आणि पहिली चाचणी पहिल्या ढिगातल्या, गेली तरी चालेल अशा एखाद्या कॅसेटवर करा.