‘ठेका धरला’ म्हणजे नेमकं काय धरलं?

‘प्रेक्षकांनी गाण्यावर ठेका धरला’ असं वाचून तुम्ही विचारलंय की ठेका म्हणजेच ताल का, आणि एकच असतील तर दोन शब्द कशाला. मी बरीच वर्षं तबला शिकलो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा.

एकच नाहीत. ताल म्हणजे आखणी. किती मात्रा (मोजायचे ठोके), त्यांचे विभाग कसे, टाळी कुठे, खाली (टाळी न देता हात बाजूला करायची जागा) कुठे. त्या आखणीला तबल्याच्या बोलांनी जे ठरलेलं रूप येतं, तो ठेका. तीनताल म्हटला की 16 मात्रा, चार-चारचे चार विभाग, टाळ्या 1, 5 आणि 13 वर, खाली 9 वर. हे सगळं कागदावर मांडता येतं, पण अजून कानावर काहीच पडलेलं नाही. ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ असं म्हटलं की ताल ऐकू येतो. दहाव्या मात्रेला ‘धिं’चा ‘तिं’ होतो, डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याचा, घुमारा थांबतो. चौदाव्या मात्रेला तो परत आला की सम, म्हणजे पहिली मात्रा, जवळ आल्याचं गायकाला न मोजता कळतं.

फरक खरा पटतो तो दीपचंदी आणि झूमरा शेजारी ठेवल्यावर. दोन्हींत मात्रा 14, विभाग 3-4-3-4, टाळी-खालीही त्याच जागी. आखणीत तसूभर फरक नाही. तरीही कोणी एकाला दुसरा समजणार नाही, कारण ठेके वेगळे. दीपचंदीचा ‘धा धिं ऽ, धा गे तिं ऽ’ मधेमधे श्वास घेत (‘ऽ’ म्हणजे रिकामी मात्रा) डुलतो, म्हणून ठुमरीला शोभतो. झूमऱ्यात ‘तिरकिट’ने जागा भरलेली असते आणि तो विलंबित, म्हणजे संथ, ख्यालगायनाचं ओझं पेलतो. तीनताल आणि तिलवाडा यांचंही तसंच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण तोवर मी तालाची ओळख नुसत्या आकड्यांत शोधत होतो.

कर्नाटक संगीतात आपल्यासारखा ठरलेला ठेका नसतो. ताल हातानं दाखवतात आणि मृदंगम् त्याभोवती मोकळेपणानं वाजतो. म्हणजे ठेक्याशिवाय ताल असू शकतो.

लय, म्हणजे वेग, ही आणखी वेगळी. तोच ठेका विलंबित, मध्य किंवा द्रुत (जलद) लयीत वाजतो. ‘लय वाढली’ म्हणतात. ‘ठेका वाढला’ असं कोणी म्हणत नाही.

आता वाक्प्रचार. साथीला बसलेल्याला गुरुजी सांगतात, ‘नुसता ठेका धर.’ म्हणजे करामती नकोत, मूळ बोल सांभाळ. ऐकायला सोपं, करायला अवघड. अर्धा तास नुसता ठेका वाजवताना लय न हलू देणं हीच माझ्या मते तबल्याची खरी परीक्षा. ऐकणाऱ्याचा पाय किंवा बोटं आपोआप त्या आवर्तनाबरोबर, म्हणजे तालाच्या फेरीबरोबर, पडू लागली की त्यानंही ठेका धरला. बातम्यांत मात्र हल्ली कोणीही नाचलं की ‘ठेका धरला’ लिहितात. अर्थ पसरला आहे, चूक म्हणणार नाही, पण नाचण्याला मी ‘ताल धरला’ किंवा सरळ ‘नाचले’च लिहीन. ‘ढोल-ताशाच्या तालावर ठेका धरला’ मात्र मला चालतं: ताल वाद्याचा, ठेका पायांचा.

‘शहाणपणाचा ठेका तूच घेतलास का?’ यातला ठेका म्हणजे मक्ता, कंत्राट. क्रियापदावरून गोंधळ टळतो: कंत्राटाचा ठेका घेतात, संगीतातला धरतात. तुमच्या वाक्यात ‘धरला’ आहे, तेव्हा प्रेक्षकांनी हातापायांनी त्या बोलांना साथ दिली, एवढाच त्याचा अर्थ.