दाढ ठणकते, पण खुर्चीत बसायचं धाडस होत नाही

प्रश्न : वय 48, निपाणीजवळच्या खेड्यात राहते. खालची दाढ किडलीय, रात्री ठणकते. लवंग धरते, मिश्री लावते. लहानपणी एका डॉक्टरांनी गालावर सूज असतानाच दाढ उपटली. सुई दिली तरी जीव गेला, वडिलांनी हात दाबून धरले होते. आता मुलगा बेळगावला नेतो म्हणतो. डॉक्टर कन्नड बोलणारे असले, त्यात तोंडात हत्यार, तर दुखतंय हे सांगू कसं? – एक वाचक

उत्तर : ताई, तेव्हा तुम्हाला दुखलं यात नवल नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिर करणारं लिग्नोकेन तिथं धड लागू पडत नाही. म्हणून आधी पू काढतात, गरज असेल तर गोळ्या देतात, किंवा सुई मागं जबड्याच्या नसेपाशी देतात. तिचा असर यायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्या बाजूचा ओठ जड, सुजल्यासारखा वाटायला हवा. तो जड झाल्याशिवाय हत्यार लावू द्यायचं नाही, स्पष्ट सांगायचं. सुईनंतर थोडा वेळ छातीत धडधडलं तर घाबरू नका; बऱ्याचदा त्या औषधात ॲड्रेनलिन असतं, त्यानं ठोके वाढतात. मात्र बीपी, हृदयविकार, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काही असेल तर आधीच सांगा.

भाषेचं म्हणाल तर बेळगावात मराठी कळणारं कुणीतरी दवाखान्यात असतंच. तरी बसल्या बसल्या ठरवून घ्या : डावा हात वर केला की थांबायचं. सुरुवातीलाच एकदा हात वर करून बघा, थांबतात का ते. नाही थांबले तर सरळ उठा, दुसरा डॉक्टर बघा. पहिल्या दिवशी नुसती तपासणी आणि एक्स-रे करून परत आलात तरी चालेल. कदाचित दाढ काढावीही लागणार नाही, रूट कॅनलनं वाचेल. आणि संकष्टीच्या दिवशी जाऊ नका. उपाशीपोटी भीतीनं चक्कर येते, मग खापर सुईवर फुटतं. भाकरी खाऊन निघा.

मिश्री मात्र सोडा. तुमच्या तंबाखूच्या मुलखात तिला औषध मानणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात, आणि त्यांच्या हिरड्या बघून माझाच जीव खाली-वर होतो. गालात आतून पांढरा चट्टा असेल तर तोही दाखवा.

गालावर सूज चढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा घोट गिळवेना, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच मोठ्या दवाखान्यात जा.